बन्सीला दोनच पाणी

माझे आण्णा, म्हणजे माझे वडील, चौदा वर्षं माझ्या घरी येत होते आणि चौदा वर्षं माझ्या घरचं पाणी पीत नव्हते. निफाडहून पहाटेच्या गाडीने निघायचे. कापडी पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि दशम्यांचा डबा. वसईत, कळंबच्या वाटेवर आमची वाडी आहे, तिथे पोचले की ओट्यावर बसायचे, स्वतःच्या दशम्या खायचे, स्वतःचं पाणी प्यायचे, माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्या माहेरची रीतच तशी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही.

आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर करून झाले, नवस करून झाले, रडूनही झालं. मग एक दिवस मी आणि नवरा वाडीतल्या केळीखाली बसलो आणि ठरवलं की आता पुरे, दोघंच मजेत राहू. आणि राहिलो. खरंच मजेत राहिलो. मी आचोळ्याला एका शाळेत शिकवते, नवरा बँकेत जातो, सासू-सासरे वाडी बघतात. ते दुःख आमच्या घरातून केव्हाच उठून गेलं होतं, पण आण्णांच्या त्या बाटल्या दिसल्या की परत दारात हजर व्हायचं. आईसुद्धा अशीच बाटल्या घेऊन यायची. ती गेली, ती माझ्या घरचा एक घोट न घेता गेली. त्यावरून मी आण्णांशी इतकी भांडले आहे की विचारू नका. त्यांचं उत्तर एकच, "तुझी आई प्यायली नाही. मग मी कसा पिऊ?"

कपाळ माझं! मी भांडी आपटायचे.

परवाच्या दिवाळीत माहेरी गेले होते. आण्णांच्या रानात आता सगळीकडे द्राक्षं आहेत. फक्त बांधाच्या कडेला दोन ओळी ते दरवर्षी बन्सी गहू लावतात. बन्सी म्हणजे जुना, उंच वाढणारा, लांब कुसळांचा गहू. पूर्वी काळ्या रानात नुसत्या ओलीवर यायचा, पाटाचं पाणी न बघता. आता कोणी लावत नाही. आण्णा तेवढ्या दोन ओळींचं बी राखेत घालून मडक्यात ठेवतात. त्या दिवशी ते मडकं उघडून दाणे उन्हात पसरत होते आणि माझं डोकं फिरलं होतं, कारण मी नुकतंच त्यांना होळीला या म्हटलं होतं आणि त्यांनी "येतो, डबा घेऊन येतो" म्हटलं होतं.

"हे बी मला द्या," मी म्हटलं. "मी वसईत पिकवते. बी तुमचं, म्हणजे गहू तुमचा. तो तरी खाल की नाही?"

आण्णा खो-खो हसले. "अगं, समुद्राकाठी गहू? थंडी कुठाय तुमच्याकडं? गव्हाला कुडकुडायला लागतं, तेव्हा फुटवे येतात."

"मी पिकवला तर खाल का, ते सांगा."

"पिकव तर आधी."

"तसं नाही. शब्द द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाण्यांकडे पाहिलं. "दिला," म्हणाले. "होळीला तुझ्या घरी पुरणपोळी खाईन. ह्या बन्सीची असली तरच."

ओंजळीओंजळीने त्यांनी दोन किलो बी मोजून बांधून दिलं. शिवाय शेजारच्यांकडून त्यांच्या घरच्या लोकवन गव्हाचं बी आणि कृषी विद्यापीठातून आणलेलं, कमी पाण्यात येणारं एक नवं वाण. म्हणाले, तिन्ही लाव, म्हणजे कोण किती पाण्यात काय देतं ते कळेल. माणूस हट्टी, पण शेतीचा विषय निघाला की नुसता वितळतो.

आता आमच्या वाडीतल्या पाण्याची गोष्ट सांगायला हवी. आमची विहीर समुद्रापासून लांब नाही. पावसाळ्यानंतर पाणी गोड असतं, पण जसजसा पंप चालतो तसतसं खालून खारं वर येतं आणि संक्रांतीनंतर ते मचूळ व्हायला लागतं. माझे सासरे रोज सकाळी बादली सोडतात, ओंजळभर पाणी तोंडात घोळवतात, थुंकतात आणि निकाल देतात. गोड असेल तर मोगरा, केळी, भाजी सगळ्यांना पाणी. मचूळ असेल तर सगळ्यांचा हात आखडता. जिभेवर त्यांचा इतका विश्वास की नवऱ्याने एकदा पाणी तपासायचं यंत्र आणलं, ते अजून खोक्यात आहे.

मी गहू लावणार म्हटल्यावर सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडे तांदळाची भाकरी. गव्हाशी त्यांचं जुनं वैर आहे, त्यांची पोळी नेहमी एका बाजूला जाड होते. सासरे मात्र हसले नाहीत. विहिरीमागची दीड गुंठ्याची पट्टी पडीक होती, ती त्यांनी दिली. "पन पानी शनिवारी अर्धा तास," म्हणाले. "मोगऱ्याच्या तोंडचं काडून नाय देनार."

हे आण्णांना फोनवर सांगितलं तर ते खूषच झाले. "शनिवारीच पेर," म्हणाले. "मग एकविसावा, बेचाळिसावा आणि त्रेसष्टावा, तिन्ही दिवस शनिवारीच येतात. गव्हाला नेमकं तेव्हाच पाणी लागतं. लोकवनला तिन्ही दे. नव्या वाणाला एकच, बेचाळिसाव्याला. आणि बन्सीला आमच्याकडं एकही लागत नाही, पण तुझ्या वाळूत ओल कुठली टिकायला? तिला दोन दे, एकविसाव्याला आणि त्रेसष्टाव्याला. दोनच हं. बन्सी लाडावली की बिघडते."

पेरलं. सहाव्या दिवशी हिरवे कोंब वर आले आणि मी शाळेत जाताना साडी खोचून, गुडघ्यावर बसून त्यांचे फोटो काढले. शाळेच्या ग्रुपवर टाकले. कोणीतरी विचारलं, हे गवत कसलं? त्या बाईंशी मी दोन दिवस बोलले नाही.

काय दिवस होते ते! सकाळी चहाचा कप घेऊन पट्टीवर जायचं, फुटवे मोजायचे, आण्णांना फोन करायचा. आण्णा म्हणाले होते तसंच झालं, थंडी नसल्यामुळे फुटवे कमीच आले. त्यांच्याकडे पाच-सहा, तर आमच्याकडे दोन-तीन. पण मला तेवढ्याचंही कोण कौतुक. वर्षानुवर्षं आम्ही फोनवर "तब्येत बरी का" आणि "जेवलात का" एवढंच बोलत होतो. आता अर्धा-अर्धा तास गप्पा. दुपारी पानं वळतात का, सकाळी सुटतात का, मातीत बोट किती खोल घातल्यावर ओल लागते. "दुपारी वळू दे," ते सांगायचे. "सकाळी सरळ झाली म्हणजे पीक धडधाकट आहे. थोडी तहान सोसली की मुळं खाली शोधायला जातात." मी वर्गात मुलांना शिकवताना मध्येच हसायचे.

सासरे रोज पट्टीशी येऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. फक्त एकदा बन्सीच्या वळलेल्या पानाला बोट लावून म्हणाले, "ह्यांचं बी ना हे? व्याह्यांचं?"

"हो बाबा, आण्णांचं."

"हूं," म्हणाले आणि निघून गेले.

पन्नास दिवसांची झाली आणि बन्सीने कमाल केली. लोकवन आणि नवं वाण मांडीपर्यंत, आणि ही बया माझ्या कमरेच्या वर! काळीभोर हिरवी, पानं रुंद. मी तर हवेत. एका रविवारी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पट्टीवरून असा मिरवत नेला, जशी काही नवरीची वरात.

आण्णा डोळे बारीक करून बघत राहिले.

"अहो, बोला ना. कशी आहे?"

"पाणी किती दिलंस?"

"एक. दुसरं अजून व्हायचंय."

"खोटं बोलू नकोस. ही एका पाण्याची बन्सी नाही."

माझं डोकंच सणकलं. मी, खोटं? शनिवारी घड्याळ लावून पंप बंद करणारी मी? "तुम्हाला खायचं नाही म्हणून आतापासून खोट काढताय," मी ओरडले आणि फोन कट केला. मग केळीखाली बसून रडले. नवरा आला, म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, नेटवर्कमुळे हिरवं जास्त दिसत असेल." त्यालाही बोलणी बसली.

चार दिवसांनी आण्णांचाच फोन आला. दोघांनीही भांडणाचा विषय काढला नाही. फक्त फोन ठेवताना ते हळूच म्हणाले, "वाऱ्याकडं लक्ष ठेव."

वारा आला तो फेब्रुवारीत. आमच्याकडे दुपारी समुद्रावरून रोजच वारा येतो, पण त्या दिवशी जरा जोरात होता. शाळेतून आले तर लोकवन उभं, नवं वाण उभं, आणि माझी बन्सी साफ आडवी. ओंब्या भरायच्या आत मातीत लोळलेली. मी पिशवी तिथेच टाकली आणि वाकून एक एक ताट उभं करायला लागले. ती परत पडत होती.

तेव्हा हाताला माती लागली. ओली. त्रेसष्टाव्याचं पाणी देऊन पाच दिवस झाले होते, शेजारचं लोकवन कोरडं ठक्क होतं, आणि बन्सीखाली चिखल. आणि चिखलात पावलं. मोठी, अनवाणी, डावं पाऊल जरा ओढलेलं. सासऱ्यांचा डावा गुडघा दुखतो.

मी तशीच गेले. ते मोगऱ्यापाशी झारी घेऊन उभे होते. चौदा वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, तो सगळा त्या दिवशी चढवला. "बाबा, तुम्ही बन्सीला पाणी घालत होता? रोज? माझ्या मागे? सगळी आडवी झाली हो! आण्णा मला खोटी म्हणाले, आता होळीला काय घालू त्यांना, तुमची झारी?"

सासूबाई धावत बाहेर आल्या. सासरे तसेच उभे. मोठा, काळासावळा, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि चेहरा असा, की मलाच बघवेना.

"दुपारची पानं वळायची," ते म्हणाले. "दुसऱ्या दोगांचं सोड, ते इकडचे-तिकडचे. पन ती पावनी ना? व्याह्यांच्या घरची. पावन्याला तानलेलं कसं ठेवू? मला तानलेलं नाय बगवत गो."

माझा राग एकदम गळून गेला. ज्या माणसाने साठ वर्षं रोज सकाळी झाडांना पाणी घातलं, त्याला मी सांगत होते की हे झाड तहानलेलं ठेवा, ते त्याच्या भल्याचं आहे. त्यांना ते कसं पटणार? पण माफी मागितली नाही. मी आत जाऊन भांडी घासली. सगळी, घासलेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पट्टी नीट बघितली तेव्हा एक गंमत दिसली. पट्टीच्या टोकाला पाट आडवा जातो आणि पाटापलीकडे बन्सीचा चार-पाच खाटांएवढा तुकडा होता. दुखऱ्या गुडघ्याने, हातात झारी घेऊन पाट ओलांडणं सासऱ्यांना जमलं नव्हतं. तो तुकडा उभा होता! उंचीने कमी, पानं अरुंद, रंग पिवळट, पण ताट कडक आणि ओंबी टच्च. त्याला खरोखर एकविसाव्याचं आणि त्रेसष्टाव्याचं, दोनच पाणी मिळालं होतं. मी तिथेच उड्या मारल्या. शेजारच्या वाडीतली बाई कुंपणावरून बघत राहिली.

कापणी झाली तेव्हा हिशोब असा लागला. तीन पाण्याच्या लोकवनने आठ किलो दिले. एका पाण्याच्या नव्या वाणाने साडेसहा. हे ऐकून आण्णा फोनवर म्हणाले, "एका पाण्यात? वाळूत? पठ्ठ्या आहे!" आडव्या बन्सीचे दाणे सुरकुतलेले, चिमणीला टाकण्याजोगे. आणि पाटापलीकडच्या तुकड्याची सव्वा किलो बन्सी, पिवळीधमक. सासऱ्यांनी काय केलं होतं ते मी आण्णांना सांगितलंच नाही. काही झालं तरी आमच्या घरातली गोष्ट.

पण सासरे रुसले होते, असं मला वाटत होतं. माझ्याशी बोलायचे, जेवायचे, मात्र होळीच्या आधी आठवडाभर त्यांनी वाडीत पंप लावलाच नाही. मोगऱ्याची पानं मलूल झाली, कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "इचारलं मी. गप बस म्हनाले." माझ्याच ओरडण्याने त्यांचं वाडीतून मन उडालं, या विचाराने मला झोप लागेना. त्यात होळीची धांदल. बन्सी गिरणीत द्यायची मला भीती, आमच्या गिरणीत सारखा तांदूळ दळतात, म्हणून घरीच मिक्सरमध्ये थोडी थोडी दळली आणि चाळली.

होळीच्या दिवशी आण्णा आले. कापडी पिशवी, दोन बाटल्या, पुरणासाठी घरची डाळ आणि गूळ. डबा मात्र नव्हता. ते बघूनच मला भरून आलं. ओट्यावर बसले, मी ताटलीत उरलेले बन्सीचे दाणे आणून ठेवले. त्यांनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट!

"बन्सीच आहे," म्हणाले. "दोन पाण्याची." मग खाली बघून म्हणाले, "मी त्या दिवशी उगाच बोललो तुला."

"मग आता पोळ्या लाटू ना?"

"लाट की. शब्द दिलाय." आणि पिशवीतली एक बाटली काढून माझ्यापुढे धरली. "फक्त डाळ ह्या पाण्यात शिजव आणि कणीक ह्यातच मळ."

हद्द झाली! मी बाटली हातात घेऊन बघतच राहिले. शंभर दिवस खपले, भांडले, रडले, मिक्सर जळायची वेळ आली, आणि हे म्हणतात कणीक माझ्या पाण्यात मळ! "गहू माझा आहे, तो चालतो," ते समजावून सांगायला लागले, अगदी प्रामाणिकपणे. "पाणी तुझ्या घरचं आहे. रीत मोडत नाही असं बघतोय गं मी." मी तोंड उघडलं, आणि काय बोलले असते ते देवालाच ठाऊक.

पण तेवढ्यात सासरे मागून आले. हातात तांब्या-भांडं. ते आण्णांच्या शेजारी ओट्यावर बसले, गुडघा धरून, सावकाश.

"व्याही, तुमची बन्सी मी आडवी पाडली," ते म्हणाले. "पोरीची चूक नाय. मी चोरून पानी घातलं."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"तुमचं बी तानलेलं मला चार दीस नाय बगवलं. आनि तुमी चौदा वर्सं माज्या ओट्यावर येऊन बाटलीतलं पानी पिता. ते मला कसं बगवलं असेल?"

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तिची आई प्यायली नाही," आण्णा म्हणाले.

"ठाव हाय. ती गेली तेवा मी हिथंच बसून लय रडलो. तिला एकदा तरी बोलायला पायजे होतं, नाय बोललो. आता तुमाला बोलतो." त्यांनी भांड्यात पाणी ओतलं. "शिमग्याला आमची इहीर मचूळ असते. ह्या वर्सी आठ दीस पंप नाय लावला, इहीर झाकून ठेवली, तवा गोडं वर आलं. सकाळी चाखून बगितलं. गोडं हाय."

मी वाडीकडे पाहिलं. मलूल झालेला मोगरा, वळलेली पानं, गळलेल्या कळ्या. रुसवा कसला, माझं डोकं! वळलेलं एक पान न बघवणारा तो माणूस आठ दिवस रोज त्या मोगऱ्यासमोरून हात बांधून गेला होता.

आण्णासुद्धा मोगऱ्याकडे बघत होते. शेतकरी माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातली स्वतःची बाटली काढून घेतली, उठले, ओट्यावरून उतरले आणि ती मोगऱ्याच्या बुंध्याशी रिकामी केली. दुसरीही केली. परत येऊन बसले आणि भांडं उचललं. एका दमात प्यायले. थोडं सदऱ्यावर सांडलं.

भांडं त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"अजून दे," म्हणाले. "एक तुझ्या आईच्या वाटचं."

मी ओतलं. मला नीट दिसत नव्हतं, ते भांड्याबाहेर गेलं, आण्णांच्या पायावर गेलं, आणि सासरे ओट्यावरून उठून, गुडघाबिडघा विसरून, मोगऱ्यासाठी पंप लावायला धावत सुटले.